ॲक्सेस २००३ वरून ॲक्सेस २०२१ वर : वाचनालयाच्या नोंदणी फॉर्मांच्या दुरुस्तीच्या नोंदी

परळमधील आमच्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासद, पुस्तकांची देवघेव आणि वर्गणी यांच्या नोंदी २००४ पासून ॲक्सेस २००३ (मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधील माहिती साठवण्याचा प्रोग्रॅम) मधील एकाच एमडीबी फाइलमध्ये, म्हणजे ॲक्सेसच्या जुन्या स्वरूपातील फाइलमध्ये, होत आल्या आहेत. फाइल आणि तिचे फॉर्म (माहिती भरण्याचे पडदे) एका जुन्या सभासदाने हौसेने तयार करून दिले होते. मी कार्यकारिणीवर आहे, नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी हे काम केले. असेच काम हाती घेणाऱ्या इतर वाचनालयांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी जशा लिहिल्या गेल्या तशाच ठेवल्या आहेत.

२२ जून २०२४, शनिवार

जुना संगणक विंडोज ७ वर चालतो आणि गेल्या महिन्यात तो दोनदा मध्येच बंद पडला. विंडोज ७ चे सुरक्षा अद्यतन जानेवारी २०२० मध्येच थांबले आहे, ऑफिस २००३ चे तर एप्रिल २०१४ मध्ये थांबले. कार्यकारिणीने नवा संगणक, ॲक्सेस २०२१ आणि यूपीएसची नवी बॅटरी यांसाठी मिळून ५२,००० रुपये मंजूर केले होते. लॅमिंग्टन रोडवरून खरेदी करून साहित्य आज आणले.

पहिले काम म्हणून मूळ फाइलच्या तीन प्रती केल्या. एक पेन ड्राइव्हवर ठेवली, एक माझ्या घरी नेली आणि तिसरी मी स्वतःलाच ईमेलने पाठवली. ही तिसरी प्रत उद्याचा बराच वेळ खाणार होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

२३ जून, रविवार

घाईत मी ईमेलमधून उतरवलेली प्रत नव्या संगणकावर उघडली. फाइल उघडली, तक्ते (ज्यांत माहिती साठते त्या याद्या) दिसले, परंतु फॉर्मवरील एकही बटण दाबले तरी काही होत नव्हते आणि वर लाल पट्टी दिसत होती. जुन्या ॲक्सेसमध्ये अशी पट्टी कधी पाहिली नसल्यामुळे मी ती बाजूला सारली आणि बटणांमागचा कोड तपासत बसलो. कोडमध्ये काहीही चूक नव्हती. इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज तशी खूण ठेवते आणि २०२२ पासून ऑफिस अशा फाइलमधील मॅक्रो व व्हीबीए (ऑफिसची प्रोग्रॅमिंग भाषा) कोड आपोआप रोखते. फाइलवर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’वर खूण केली आणि लाल पट्टी गेली.

तिच्या जागी आता पिवळी पट्टी आली. तिच्यावरील ‘एनेबल कंटेंट’ दाबून काम भागते, परंतु काउंटरवरील माणसाकडून ती कधी दाबली जाईल आणि कधी नाही याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून सी ड्राइव्हवर ‘वाचनालय’ नावाचे स्वतंत्र फोल्डर केले आणि ॲक्सेसच्या ट्रस्ट सेंटरमध्ये, म्हणजे सुरक्षेच्या पर्यायांत, तेवढेच फोल्डर विश्वासार्ह ठिकाण म्हणून नोंदवले. संपूर्ण डॉक्युमेंट्स किंवा डाउनलोड्स फोल्डरला ही सवलत देऊ नये, कारण तेथे बाहेरून आलेली कोणतीही फाइल पडू शकते.

गेलेला वेळ अडीच तास. पेन ड्राइव्हवरील प्रत वापरली असती, तर त्यातले निदान दीड तास वाचले असते.

२४ ते २६ जून, रोज संध्याकाळी

‘सेव्ह ॲज’ने फाइल एसीसीडीबी या ॲक्सेसच्या नव्या स्वरूपात बदलली. देवघेव फॉर्म उघडताच तारखेच्या चौकटीत ‘#नेम?’ असे दिसू लागले आणि पुस्तकाच्या दाखल क्रमांकाचे पहिले अक्षर वेगळे काढून विभाग दाखवणारी चौकटही तशीच झाली. या चौकटींमागे ‘डेट’ आणि ‘लेफ्ट’ ही ॲक्सेसची अगदी साधी फंक्शन्स आहेत, ती नव्या आवृत्तीत चालणार नाहीत यावर विश्वास बसत नव्हता. तरीही मी सोमवारची पूर्ण संध्याकाळ एकेका चौकटीचे सूत्र पुन्हा टंकित करण्यात घालवली, चौकटींची नावे बदलून पाहिली आणि एक चौकट पुसून नव्याने काढली. फरक पडला नाही.

मंगळवारी कोडच्या खिडकीतील टूल्स मेनूत जाऊन ‘रेफरन्सेस’ची, म्हणजे कोड ज्या बाहेरच्या घटकांवर अवलंबून असतो त्या संदर्भांची, यादी उघडली, तेव्हा तिच्यातील दोन ओळींपुढे ‘मिसिंग’ असे लिहिलेले होते. त्यातली एक जुन्या कॅलेंडर कंट्रोलची होती, जो ॲक्सेस २०१० पासून सोबत मिळतच नाही, आणि दुसरी ३२-बिट कॉमन कंट्रोल्सची होती. यादीतील एक जरी संदर्भ तुटलेला असला, तरी व्हीबीएला त्याच्याशी काही संबंध नसलेली ‘डेट’ किंवा ‘लेफ्ट’सारखी फंक्शन्सही ओळखता येईनाशी होतात. चूक एके ठिकाणी असते आणि तिचा परिणाम भलत्याच ठिकाणी दिसतो, म्हणूनच ती शोधायला दोन दिवस लागले. दोन्ही ओळींवरील खुणा काढल्या, कोड पुन्हा कंपाइल केला (तपासून चालवण्यायोग्य करून घेतला) आणि सर्व ‘#नेम?’ एकदम नाहीसे झाले.

यापुढे ॲक्सेसचा जुना फॉर्म कोणी माझ्यासमोर आणला, तर सूत्रांकडे पाहण्याआधी मी ही यादी उघडेन.

कॅलेंडर कंट्रोल गेल्यामुळे वर्गणीच्या पावतीच्या फॉर्मवर तारीख निवडण्याची सोय उरली नाही. ॲक्सेस २००७ पासून तारखेच्या चौकटीशेजारी छोटे कॅलेंडर आपोआप येते, तेही येत नव्हते. कारण शोधायला बुधवारचा एक तास गेला. चौकटीला ‘इनपुट मास्क’ (टंकनाचा ठरावीक साचा) दिलेला असेल तर ते कॅलेंडर दिसत नाही. मास्क काढला आणि कॅलेंडर आले.

२७ जून, गुरुवार

सभासदाच्या नावाच्या चौकटीत कर्सर गेला की कीबोर्ड मराठीवर यावा आणि बाहेर पडला की इंग्रजीवर जावा, यासाठी मूळ कोडमध्ये विंडोजच्या फंक्शनला थेट हाक मारलेली आहे. नव्या संगणकावर ६४-बिट ऑफिस आहे, त्यामुळे हा कोड सुधारल्याशिवाय चालणार नाही असा संदेश येऊन कंपाइल थांबले. विंडोजच्या फंक्शनची ओळख करून देणाऱ्या ‘डिक्लेअर’च्या ओळींत ‘पीटीआरसेफ’ हा शब्द घातल्यावर कंपाइल झाले आणि मी समाधानाने घरी जायला निघालो होतो. दारातून परत आलो, कारण हा शब्द म्हणजे ओळ ६४-बिटसाठी तपासली आहे अशी केवळ ग्वाही असते, ती तपासायची आपणच असते. कीबोर्डचे हँडल (विंडोज त्याला देते ती ओळख) ज्या चलांमध्ये साठवले होते ती ‘लाँग’, म्हणजे ३२-बिट प्रकारची होती. ती ‘लाँगपीटीआर’ केली. अर्धा तास.

२८ जून, शुक्रवार

कॅलेंडर कंट्रोल काढून टाकल्यानंतरही पावतीचा फॉर्म डिझाइनमध्ये उघडला की ॲक्सेस बंद पडत होते. कॉम्पॅक्ट अँड रिपेअर ही फाइल दुरुस्त करण्याची सोय दोनदा चालवूनही फरक पडला नाही. शेवटी कोरी एसीसीडीबी फाइल करून तिच्यात सर्व फॉर्म, क्वेरी (माहिती शोधण्याच्या किंवा बदलण्याच्या आज्ञा) आणि अहवाल आयात केले, पावतीचा फॉर्म मात्र हाताने नव्याने तयार केला. तक्ते एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवून ते या फाइलला जोडले, म्हणजे पुढे फॉर्मची फाइल बदलली तरी माहितीला हात लावावा लागणार नाही.

कोऱ्या फाइलमध्ये फॉर्म आपोआप टॅबमध्ये आणि पूर्ण पडदाभर उघडतात. आमचा देवघेव फॉर्म छोट्या खिडकीसाठी आखलेला असल्याने त्याच्या चौकटी डाव्या कोपऱ्यात गोळा झाल्या. ‘करंट डेटाबेस’च्या पर्यायांत ‘ओव्हरलॅपिंग विंडोज’ निवडून फाइल बंद करून उघडली. सुरुवातीला उघडायचा फॉर्म कोणता हेही पुन्हा सांगावे लागले, कारण ते आयात होत नाही.

२९ जून, शनिवार

दुपारी ग्रंथपाल आणि काउंटरवरील ताई यांच्यासोबत चाचणी घेतली. ४० पुस्तके दिली, त्यांतील २५ परत घेतली, १० पावत्या केल्या, तीन नवे सभासद नोंदवले आणि प्रत्येक नोंद तक्त्यात जाऊन पाहिली. सर्व नोंदी बरोबर निघाल्या, तारखाही बरोबर होत्या. चाचणीच्या नोंदी पुसल्या आणि सोमवारपासून नव्या संगणकावर काम सुरू करायचे ठरले.

१ आणि २ जुलै

पहिल्या दिवशीची तक्रार छोटी होती, पण काउंटरवर ती दिवसभर जाणवते. एंटर दाबून चौकटीत गेले की आधीचा मजकूर निवडला जात होता आणि चुकून एखादे अक्षर दाबले गेले तर तो पुसला जात होता. हे वर्तन ‘क्लायंट सेटिंग्ज’मध्ये ठरते आणि ते फाइलसोबत जात नाही, प्रत्येक संगणकावर वेगळे लावावे लागते. पाच मिनिटांचे काम.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या कार्यालयातील संगणकावरून पावतीचा फॉर्म उघडला, तर शीर्षक दिसले आणि खाली पांढरी जागा. एकही चौकट नाही. माझ्या मनात पुन्हा तुटलेले संदर्भ आले, परंतु यादी स्वच्छ होती. या फॉर्मची ‘डेटा एंट्री’ प्रॉपर्टी ‘येस’ आहे, म्हणजे तो जुन्या नोंदी न दाखवता फक्त नवी कोरी नोंद दाखवतो. नवी नोंद करण्याची परवानगीच नसेल, तर त्याच्याकडे दाखवण्यासारखे काहीच उरत नाही आणि चौकटींसह सगळा भाग रिकामा दिसतो. तक्त्यांची फाइल ज्या सामायिक फोल्डरमध्ये होती त्यावर मी कार्यालयाच्या संगणकाला केवळ वाचण्याची परवानगी दिली होती. फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी लागते, कारण फाइल उघडताच ॲक्सेसला तिच्याशेजारी कुलुपाची छोटी फाइल तयार करायची असते. परवानगी दिली आणि चौकटी परतल्या.

४ जुलै, गुरुवार

आज मी स्वतःच एक गोंधळ केला. फॉर्म एकसारखे दिसावेत म्हणून सर्व चौकटी निवडून त्यांचा फाँट बदलला. क्षणात पुस्तकांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरे, कंस आणि चिन्हांचे कडबोळे दिसू लागले. सुमारे १८,००० पुस्तकांची नावे आपल्या हातून गेली असे वाटून मी फाइल बंद केली आणि काही वेळ तिला हातच लावला नाही.

माहिती सुरक्षित होती. आमच्याकडे सभासदांची नावे युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेत असलेल्या पद्धतीत, आहेत, परंतु पुस्तकांची नावे २००४ पासून जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये टंकित केलेली आहेत. या पद्धतीत तक्त्यात रोमन संकेतच साठवले जातात आणि फाँट त्या संकेतांच्या जागी देवनागरी आकार काढतो, म्हणून फाँट बदलला की मूळ संकेत उघडे पडतात. जुन्या संगणकावरून तो फाँट आणून बसवला आणि त्या चौकटींना पुन्हा लावला. ही नावे युनिकोडमध्ये आणणे आवश्यक आहे, परंतु ते स्वतंत्र आणि मोठे काम आहे, ते या कामात मिसळायचे नाही असे मी ठरवले.

६ जुलै, शनिवार

ताईंनी मुदत उलटलेल्या पुस्तकांची यादी छापली. तिच्यात एरवी ४० च्या आसपास नावे असतात, आज २९० निघाली. ताईंनी मला विचारले आणि मी जुन्या नोंदींतील न मिटलेली येणी वर आली असतील असे उत्तर दिले. यादी उघडून एकही नाव तपासले नाही. संपूर्ण कामात मला सर्वांत जास्त बोचणारी चूक ही आहे. ताईंनी स्मरणपत्रे लिहायला घेतली, ती सोमवारी टपालात टाकायची होती.

८ जुलै, सोमवार

पहाटे १ ते ७ या सहा तासांत मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. लोकल सेवा विस्कळीत झाली, ताई पोहोचू शकल्या नाहीत आणि वाचनालय उघडले नाही. स्मरणपत्रे टेबलावरच राहिली.

९ जुलै, मंगळवार

संध्याकाळी साडेसहाला ताईंचा फोन आला. “सर, ३ तारखेला नेलेलं पुस्तक परत आलंय आणि दंड साडेचोपन्न रुपये दाखवतंय. मी यांना काय सांगू?” आमचा दंड दिवसाला ५० पैसे आहे आणि पुस्तकाची मुदत १५ दिवस. म्हणजे संगणकाच्या मते पुस्तक १०९ दिवस उशिरा आले होते. मी उलटे दिवस मोजले, मुदत २२ मार्चला संपत होती, म्हणजे पुस्तक दिल्याची तारीख ७ मार्च. तीन-सातचे सात-तीन झाले होते.

मी तडक वाचनालयात गेलो. १ जुलैच्या सर्व नोंदी ७ जानेवारीच्या झाल्या होत्या, २ जुलैच्या ७ फेब्रुवारीच्या, आणि आजच्या नोंदी तर येणाऱ्या ७ सप्टेंबरच्या.

कारण असे आहे. देवघेव फॉर्म तक्त्याला थेट बांधलेला नाही, म्हणजे त्यात भरलेले आपोआप तक्त्यात जात नाही. ‘पुस्तक दिले’ हे बटण दाबले की कोड तारखेच्या चौकटीतील मजकूर दोन ‘#’ चिन्हांमध्ये घालून क्वेरीचे वाक्य तयार करतो. अशा वाक्यात ॲक्सेस तारीख महिना-दिवस-वर्ष या अमेरिकी क्रमानेच वाचते, विंडोजमध्ये निवडलेला संगणकाचा प्रदेश, ज्यावरून एरवी तारखेचा क्रम ठरतो, कोणताही असो. जुन्या संगणकावर प्रदेश अमेरिका असाच राहिलेला होता, त्यामुळे मजकूरही त्याच क्रमाने तयार होई आणि २० वर्षे दोन्ही गोष्टी जुळत राहिल्या. नवा संगणक मांडताना मी प्रदेश भारत असा निवडला, जे योग्यच होते, आणि मजकूर दिवस-महिना-वर्ष या क्रमाने तयार होऊ लागला. पावतीचा फॉर्म तक्त्याला बांधलेला असल्याने तो चुकला नाही. पुस्तक परत घेतानाची तारीख क्वेरीच्या आत ‘डेट’ फंक्शनने भरली जाते, म्हणून तीही बरोबर राहिली.

चाचणीत हे का दिसले नाही, याचे उत्तर कॅलेंडरवर होते. चाचणी २९ जूनला झाली. २९ वा महिना नसतो, म्हणून ॲक्सेसने त्याला दिवस मानले आणि नोंद बरोबर केली. माझे सगळे काम २२ तारखेनंतर चालले होते, त्यामुळे प्रत्येक तारीख आपोआप सावरली जात होती. १ तारखेपासून हा आधार गेला. चूक अशीच राहिली असती, तर १३ जुलैपासून ती पुन्हा दिसेनाशी झाली असती आणि १ ऑगस्टला परत आली असती.

१० जुलै, बुधवार

नोकरीवरून रजा घेतली. सकाळी मी सोपा वाटणारा मार्ग पकडला आणि नव्या संगणकाचा प्रदेश अमेरिका केला. देवघेव फॉर्म लगेच बरोबर चालू लागला. परंतु पावतीच्या फॉर्मवर ताईंनी आपल्या सवयीने १०/७ असे टंकित केले आणि पावती ७ ऑक्टोबरची झाली. जुन्या फॉर्मवर तारीख कॅलेंडरवर टिचकी मारून निवडली जाई, म्हणून तेथे हा प्रश्न कधी उद्भवला नव्हता. तासाभरात प्रदेश पुन्हा भारत केला.

खरी दुरुस्ती कोडमध्येच करायची होती. तारीख घेऊन ती ‘फॉरमॅट’ने महिना-दिवस-वर्ष या ठरावीक क्रमात, दोन्ही बाजूंच्या ‘#’ चिन्हांसह परत देणारे एक छोटे फंक्शन लिहिले. मधल्या तिरप्या रेघांपूर्वी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते, नाहीतर त्या जागी प्रदेशाचे स्वतःचे चिन्ह येते. मग संपूर्ण कोडमध्ये ‘#’ चिन्ह शोधले. मुदत उलटलेल्यांची यादी, तिमाही वर्गणीचा अहवाल आणि रद्द सभासदांची यादी अशा आणखी तीन ठिकाणी तीच रचना सापडली. चारही ठिकाणी नवे फंक्शन लावले.

११ जुलै, गुरुवार

चुकलेल्या नोंदी सुधारण्याआधी तक्त्यांच्या फाइलची प्रत केली. १ ते ६ आणि ९ जुलै या सात दिवसांत ३८८ पुस्तके दिली गेली होती. त्यांपैकी ९ नोंदी ताईंनी मंगळवारी हाताने दुरुस्त केल्या होत्या आणि त्यांची उलटापालट होता कामा नये. चुकलेल्या प्रत्येक नोंदीत दिवस ७ असणारच आणि महिना जुलै नसणारच, म्हणून चाचणीनंतरच्या नोंद क्रमांकांपैकी या दोन्ही अटी पूर्ण करणाऱ्या नोंदी आधी फक्त पाहिल्या. त्या ३७९ निघाल्या. काउंटरवर सभासदांच्या सह्यांची वही असते, तिच्यातील प्रत्येक दिवसाच्या सह्या आणि या नोंदी ग्रंथपालांनी आणि मी मिळून मोजून पाहिल्या. आकडे जुळल्यावरच ‘डेटसिरियल’ या वर्ष, महिना व दिवस यांपासून तारीख बनवणाऱ्या फंक्शनमध्ये दिवस आणि महिना यांची जागा बदलून क्वेरी चालवली. ७ जुलै हा रविवार होता. त्या दिवशी काम झाले असते, तर त्या नोंदी उलटूनही बरोबरच राहिल्या असत्या.

चुकीचा दंड एका सभासदाकडून घेतला गेला होता. २ तारखेला नेलेले पुस्तक त्यांनी ६ तारखेला परत केले आणि ६७ रुपये ५० पैसे एकही प्रश्न न विचारता भरले. आमच्या वाचनालयात ते ४० वर्षांहून अधिक काळ येत आहेत. संध्याकाळी ग्रंथपाल आणि मी त्यांच्या घरी जाऊन रक्कम परत केली आणि क्षमा मागितली. ते म्हणाले, “मला वाटलं, मीच विसरलो असेन.” हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. स्मरणपत्रे सोमवारी गेली असती, तर असा संशय कितीतरी घरांत पोहोचला असता.

२० जुलै, शनिवार

आतापर्यंत या कामाला ४६ तास लागले, त्यांतील १७ तास तारखेच्या चुकीचे. मंजूर रकमेबाहेर २,१०० रुपये खर्च झाले, त्यात जास्तीची पेन ड्राइव्ह, नेटवर्कची तार आणि नवी पावती पुस्तके आली. जुना संगणक बंद करून कपाटात ठेवला आहे, पण त्यातील काहीही पुसलेले नाही. आज चाचणीच्या प्रतीवर संगणकाची तारीख बदलून ३ ऑगस्ट, १२ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर या तिन्ही दिवशी पुस्तके देऊन पाहिली.

१ ऑगस्ट, गुरुवार

कामावर जाण्याआधी वाचनालय उघडताना हजर राहिलो. पहिली दहा पुस्तके दिली जाईपर्यंत थांबलो आणि प्रत्येक नोंद तक्त्यात पाहिली. दहाही १ ऑगस्टच्याच होत्या, ८ जानेवारीची एकही नाही. ताईंनी मुदत उलटलेल्यांची यादी छापली, तिच्यात ३८ नावे आहेत. या वेळी मी ती वहीशी एकेक करून ताडून पाहिली आणि मगच स्मरणपत्रे टपालात टाकायला सांगितली.